सायकलींची मुक्कामी शर्यत

२०२६ सालच्या जानेवारी महिन्यात, १९ तारखेपासून २३ तारखेपर्यंत, पुणे शहर आणि जिल्हा ह्यांच्या सडकांवर सायकलींची एक शर्यत झाली. सायकलींच्या शर्यती आपल्याकडे नव्या नाहीत. नवी होती ती ह्या शर्यतीची जात. सायकलींच्या आंतरराष्ट्रीय संघाने जगातील शर्यतींची जी प्रतवारी लाविली आहे, तीत हिची नोंद '२.२' अशी झाली. ह्या दोन आकड्यांपैकी दुसरा शर्यतीची पायरी दाखवितो. पहिल्याचा अर्थ मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. पहिला आकडा १ असेल तर शर्यत एका दिवसाची, आणि २ असेल तर ती अनेक दिवसांची, म्हणजे टप्प्याटप्प्यांची, असे समजावयाचे. आरंभी शहरातील एक छोटी दौड आणि तिच्यामागून चार दिवसांचे चार टप्पे, अशी हिची योजना होती. चार टप्प्यांचे मिळून सुमारे ४३७ किलोमीटर आखलेले होते. मुळशी-मावळापासून बारामतीपर्यंतचा मुलूख त्यांत आला. ह्या वर्गाची मुक्कामी शर्यत भारतात पूर्वी झालेली नव्हती.

मुक्काम म्हणजे काय, हे आमच्या बुलढाणे जिल्ह्यातील वाचकांस समजावून सांगण्याचे कारण नाही. शेगावाहून श्रीगजाननमहाराजांची पालखी दर आषाढीस पायी पंढरपुरास जाते आणि परतताना लोणार, मेहकर ह्या बाजूने येते. आज पालखी कोठे उतरली आणि उद्या कोठे उतरणार, ह्याची चौकशी घरोघर चालते. वाट लांब असली म्हणजे ती मुक्कामांनी मोजावयाची, ही आपली जुनी रीत. मुक्कामी शर्यतीत हीच रीत घड्याळाशी बांधलेली असते. प्रत्येक स्वाराला प्रत्येक टप्प्यास लागलेला वेळ टिपून ठेवतात, रोजच्या वेळेची बेरीज करीत जातात, आणि शेवटच्या मुक्कामी ज्याची बेरीज सर्वांत कमी तो विजयी. ह्यातून एक चमत्कारिक गोष्ट संभवते. एकाही टप्प्यात पहिला न येता मनुष्य सबंध शर्यत जिंकू शकतो. १९२२ साली फ्रान्सच्या शर्यतीत फिर्मिन लांबो ह्या बेल्जियन स्वाराने तसे प्रथम करून दाखविले. एका दिवसाच्या शर्यतीत पाय लागतात. मुक्कामी शर्यतीत पायांखेरीज झोप, पचन, हिशेब आणि स्वभाव हेही लागतात.

ही कल्पना प्रथम कोणास सुचली आणि का सुचली, ह्याचा शोध घेऊ लागले म्हणजे आपण क्रीडांगणावर पोचत नाही. एका वृत्तपत्राच्या कचेरीत आणि तेथून थेट राजकारणात जाऊन पोचतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ड्रेफ्यूस प्रकरणाने फ्रान्स दुभंगला होता. ड्रेफ्यूस हा ज्यू सेनाधिकारी. १८९४ साली खोट्या पुराव्यावर त्यास देशद्रोही ठरविण्यात आले, आणि तो निर्दोष आहे म्हणणारे व तो दोषी आहे म्हणणारे असे देशात दोन तट पडले. क्रीडाविषयक वृत्तपत्रांत त्या वेळी 'ल व्हेलो' हे अग्रगण्य होते. हिरव्या कागदावर छापले जाणारे हे पत्र पिएर झिफार चालवीत असे, आणि तो ड्रेफ्यूसचा पक्षपाती होता. उलट, त्याच्या पत्रात जाहिराती देणारे काही कारखानदार ड्रेफ्यूसचे विरोधक होते. त्यांतील मोटारींचा कारखानदार कौंट द दिऑन ह्याने १८९९ साली ओतेय येथील घोड्यांच्या शर्यतीच्या वेळी राष्ट्राध्यक्षांविरुद्ध झालेल्या दंग्यात भाग घेतला आणि त्याबद्दल त्यास तुरुंग पाहावा लागला. झिफारने त्यावर टीका केली. कौंटाने व त्याच्या मित्रांनी जाहिराती काढून घेतल्या आणि १९०० साली स्वतःचे निराळे पत्र काढले. त्याचा कागद पिवळा. संपादक म्हणून आँरी देग्रांज ह्याची नेमणूक झाली. हा पूर्वी वकिलाच्या कचेरीत कारकून होता आणि १८९३ साली एका तासात ३५ किलोमीटरांहून अधिक अंतर सायकलीने काटून त्याने विक्रम नोंदविला होता.

नवे पत्र काही खपेना. त्यातच नावावरून झालेल्या फिर्यादीचा निकाल विरुद्ध गेला, आणि १९०३ च्या जानेवारीत त्यास आपल्या नावातील 'व्हेलो', म्हणजे सायकल, हा शब्द गाळून नुसते 'लोतो' असे नाव धारण करावे लागले. सायकलप्रेमी वाचक मिळवावयाचा आणि नावात सायकल नाही, अशी ती पंचाईत. ह्या संकटात, १९०२ च्या नोव्हेंबरात, जेओ लफेव्र नावाच्या तरुण सहकाऱ्याने एक तोड सुचविली: सबंध फ्रान्सला वळसा घालणारी, टप्प्याटप्प्यांची शर्यत आपण भरवावी. पॅरिसमधील एका उपाहारगृहात दुपारच्या जेवणावर ह्या कल्पनेची चर्चा झाली. देग्रांज साशंक होता. खजिनदाराने मात्र, कंजूष म्हणून अशांची ख्याती असते ती खोटी ठरवीत, खर्चास रुकार दिला. एका दिवसाची शर्यत झाली तर अंक एक दिवस खपणार. तीन आठवड्यांची झाली तर पुढे काय झाले हे जाणण्यासाठी वाचक रोज पैसे मोजणार. आपल्या मासिकांतून क्रमशः येणाऱ्या कादंबऱ्यांनी संपादकांस जो लाभ करून दिला, तोच हा होय.

१ जुलै १९०३ रोजी, दुपारी तीन वाजून गेल्यावर, पॅरिसजवळील माँझराँ ह्या गावच्या एका खाणावळीसमोरून साठ स्वार निघाले. पहिला टप्पा पॅरिस ते लियाँ, ४६७ किलोमीटर. पुढे मार्सेय, तुलूझ, बॉर्दो, नाँत आणि पुन्हा पॅरिस, असे सहा टप्पे आणि २,४२८ किलोमीटरांची वाट. दोन टप्प्यांमध्ये विश्रांतीचे दिवस असत, परंतु टप्पा सुरू झाला म्हणजे रात्रही त्यातच मोजली जाई. अंधारात, खडीच्या व धुळीच्या रस्त्यांवरून, एकाच गिअरच्या जड सायकलीवर. स्वतः देग्रांज निघण्याच्या ठिकाणी हजरच नव्हता. आपली अब्रू पणास लावून उभारलेला उद्योग फसला तर तो पाहण्यास आपण तेथे नसावे, असे त्यास वाटले असावे. लफेव्र आगगाडीने आणि सायकलीने शर्यतीच्या मागेपुढे धावत राहिला आणि बातम्या पाठवीत राहिला.

जिंकला तो मोरीस गारँ. त्याचा जन्म इटलीच्या आल्प्स पर्वतातील खोऱ्यात झाला होता आणि पोरवयात तो धुराडी साफ करण्याच्या धंद्यात होता. त्याची एकंदर वेळ ९४ तास ३३ मिनिटे. दुसरा आला तो जवळजवळ तीन तास मागे. साठांपैकी एकवीसच पॅरिसला परतले. गारँला मिळालेली रक्कम सहा हजारांहून अधिक फ्रँक होती. येथे एक बारीक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्रथम जेव्हा शर्यतीची जाहिरात झाली तेव्हा स्वार मिळेनात. मग प्रवेशाची फी निम्मी करावी लागली आणि ठरावीक वेग राखणाऱ्या पन्नास स्वारांस दररोज पाच फ्रँक भत्ता देण्याचे कबूल करावे लागले. ही रक्कम साधारणतः एका मजुराच्या रोजाइतकी. तेव्हा कोठे साठ जण जमले. ह्या शर्यतीचा पाया असा पहिल्या दिवसापासून रोजमुरा हाच आहे. 'लोतो'चा खप पंचवीस हजारांवरून पासष्ट हजारांवर गेला, आणि पुढील वर्षी 'ल व्हेलो' बंद पडले. कौंटाचा सूड पुरा झाला. गारँला आपण कोणाच्या सूडासाठी पाय मारीत आहो ह्याची जाणीव असेल असे आम्हांस वाटत नाही.

१९०४ ची दुसरी शर्यत फसवणुकीने गाजली. रस्त्यावर खिळे पसरले गेले, एका गावच्या जमावाने आपल्या माणसास पुढे काढण्यासाठी बाकीच्यांवर रात्री हल्ला केला, कित्येक स्वार गुपचूप आगगाडीत बसले. चौकशीअंती गारँसह पहिले चौघे बाद झाले आणि आँरी कॉर्ने ह्या विशीच्या आतल्या तरुणास विजयी ठरविण्यात आले. इतक्या लहान वयाचा विजेता त्या शर्यतीस पुढे लाभला नाही.

ह्यानंतर देग्रांजने नियमांची जी तटबंदी उभारली तिच्यातून त्याचे खरे तत्त्वज्ञान दिसून येते. त्याच्या मते आदर्श शर्यत ती, की जी इतकी कठीण असावी की अखेरीस एकच स्वार पोचावा. प्रत्येकाने आपल्या बळावर जावे. कोणाची मदत घेऊ नये, सायकल मोडली तर आपल्या हाताने दुरुस्त करावी. गिअर बदलण्याची यंत्रे निघाली होती. ती पुष्कळ वर्षे त्याने आपल्या शर्यतीत येऊ दिली नाहीत. १९१० साली त्याने स्वारांस पिरेनीज पर्वतावर चढविले. त्यासाठी त्याचा सहकारी स्तैनेस ह्याने तूरमाले ही २,११५ मीटर उंचीची खिंड आधी जाऊन पाहिली, आणि तो स्वतः बर्फात हरवता हरवता वाचला. असे असूनही वाट उत्तम असल्याची तार त्याने पॅरिसला केली! त्या वर्षीचा विजेता लापीझ पर्वतावर पायी सायकल ढकलीत असता शर्यतीच्या अधिकाऱ्यांकडे पाहून त्यांस खुनी म्हणाला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे.

स्वावलंबनाच्या ह्या नियमाला निसर्गाचाच विरोध होता. सायकलस्वाराचा मुख्य शत्रू चढ नव्हे, वारा. सपाटीवर वेगाने जाताना त्याची बहुतेक शक्ती हवा कापण्यात जाते. दुसऱ्याच्या अगदी पाठीशी राहिले तर सुमारे तिसरा हिस्सा श्रम वाचतो. तेव्हा माणसे घोळक्याने जाणार, पाळीपाळीने पुढे येणार, आणि पैसे मिळत असतील तर एखादा दुसऱ्यासाठी वारा खाणार, हे क्रमप्राप्तच होते. १९११ साली मोरीस ब्रोको नावाच्या स्वाराने असा आपला पाठिंबा दुसऱ्यास विकला, तेव्हा देग्रांजने आपल्या पत्रातून त्यास 'घरगडी' म्हणून हिणविले. तो शब्द पुढे अपमानाचा उरला नाही. नायकासाठी पाण्याच्या बाटल्या आणणारा, त्याच्यापुढे वारा तोडणारा, प्रसंगी स्वतःचे चाक काढून त्यास देणारा जो साहाय्यक स्वार, त्याचे फ्रेंचांत आजही तेच नाव आहे, आणि ते नाव लावणारे शेकडो लोक त्यावर प्रामाणिकपणे पोट भरतात. संपादकाने दिलेली शिवी धंद्याने पदवी म्हणून उचलली.

१९१३ सालची यूजेन क्रिस्तॉफची हकीकत ह्या नियमांचा कळस म्हणून सांगतात. तूरमाले चढून हा स्वार आघाडीने उतरत असता त्याच्या सायकलीच्या पुढच्या चाकाचा चिमटा मोडला. सायकल खांद्यावर टाकून, कित्येक किलोमीटर पायी उतरून, तो सँत-मारी-द-कांपाँ ह्या खेड्यातील लोहाराच्या दुकानी पोचला. क्रिस्तॉफ हा धंद्याने कुलुपे करणारा; लोखंड कसे तापवावे व कसे जोडावे हे त्यास ठाऊक होते. नियमाप्रमाणे लोहाराने हात लावावयाचा नव्हता. शर्यतीचे अधिकारी उभे राहून पाहत होते. त्याने स्वतः चिमटा तापविला, ऐरणीवर ठोकला, जोडला. परंतु एक हात लोखंडावर आणि एक हातोड्यावर असता भाता कोण चालविणार? दुकानातील एका पोराने भाता चालविला. तास उलटून गेले होते, शर्यत हातची गेली होती. तशात भात्याच्या मदतीबद्दल त्यास दहा मिनिटांचा दंड झाला! हा दंड पुढे कमी करून तीन मिनिटांवर आणण्यात आला, असे सांगतात; त्याने मूळ हकीकतीची चव बदलत नाही. आज त्या लोहारशाळेपाशी क्रिस्तॉफच्या नावाचा फलक आहे. भाता चालविणाऱ्या पोराच्या नावाने आम्हांस अधिक कुतूहल वाटते.

पहिले महायुद्ध झाले. १९१९ साली शर्यत पुन्हा सुरू झाली तेव्हा अग्रेसर स्वार गर्दीत ओळखू यावा म्हणून त्यास पिवळा सदरा देण्याचा प्रघात पडला. पिवळा, कारण 'लोतो'चा कागद पिवळा. हा सदरा अंगावर चढविण्याचा पहिला मान आमच्या क्रिस्तॉफलाच मिळाला, आणि त्याच वर्षी त्याचा चिमटा पुन्हा एकदा मोडला. इटलीतील शर्यत १९०९ पासून तेथील एका गुलाबी कागदाच्या क्रीडापत्राने चालविली होती. तेथील अग्रेसराचा सदरा गुलाबी. स्पेनमधील १९३५ सालची शर्यतही एका वृत्तपत्रानेच काढली. थोडक्यात, युरोपातील तिन्ही मोठ्या शर्यतींच्या पाळण्याची दोरी छापखान्याच्या हाती होती.

छापखान्याने बांधलेल्या ह्या बेड्यांची हकीकत जगापुढे आणली तीही छापखान्यानेच. १९२४ साली आधीच्या वर्षीचा विजेता आँरी पेलिसिये, त्याचा भाऊ फ्रान्सिस आणि मोरीस व्हील हे तिघे मध्येच शर्यत सोडून गेले. कारण ऐकावयास क्षुल्लक आहे. टप्पा पहाटेच्या थंडीत सुरू होई म्हणून पेलिसिये दोन सदरे घालून निघे आणि ऊन चढल्यावर एक काढून टाकी. नियम असा की, जे घेऊन निघाला ते घेऊनच पोचले पाहिजे. अधिकाऱ्याने त्याचा सदरा वर करून खाली किती आहेत ते तपासले. चिडून तो उतरला तो कुताँस गावच्या एका उपाहारगृहात जाऊन बसला. तेथे त्यास आल्बेर लाँद्र हा बातमीदार भेटला. लाँद्र आदल्या वर्षीच फ्रान्सची दक्षिण अमेरिकेतील काळ्या पाण्याची वसाहत पाहून आला होता आणि तेथील कैद्यांचे हाल त्याने लोकांपुढे मांडले होते. पेलिसियेबंधूंनी आपल्या पिशव्या त्याच्यापुढे रित्या केल्या. डोळ्यांसाठी कोकेन, हिरड्यांसाठी क्लोरोफॉर्म, आणि निरनिराळ्या गोळ्या. लाँद्रच्या लेखाने सडकेवरील जन्मठेपीचे कैदी ही प्रतिमा कायमची रूढ केली. लाँद्रला सायकलीतले फारसे कळत नव्हते आणि आम्ही त्याची थोडी थट्टाही केली, असे फ्रान्सिसने पुढे बोलून दाखविले हे खरे. परंतु सदऱ्यांची झडती तर थट्टा नव्हती. ज्याच्या विजयावर अंक खपतात त्या माणसाचे कपडे मोजण्याचा अधिकार अंक विकणाऱ्यास कोणी दिला, हा पेलिसियेचा प्रश्न होता, आणि तो कामगाराने मालकास घातलेला प्रश्न होता.

ह्या प्रश्नाचे उत्तर सावकाश मिळत गेले. १९३० पासून काही वर्षे कारखान्यांची पथके बंद करून राष्ट्रवार पथके आली आणि खर्च भागविण्यासाठी शर्यतीपुढे जाहिरातींच्या गाड्यांचा तांडा निघू लागला. १९३७ साली, देग्रांज कारभारातून दूर झाल्यावर, गिअर बदलण्याच्या यंत्रास परवानगी मिळाली. १९४० साली देग्रांज वारला. जर्मनांच्या अमलाखाली चालू राहिल्यामुळे 'लोतो' १९४४ साली बंद करण्यात आले. त्याच्या जागी १९४६ मध्ये 'लेकीप' निघाले, आणि १९४७ साली शर्यत परत आली. १९६२ मध्ये व्यापारी पथके पुन्हा आली. आता सायकलीखेरीज इतर मालाचे कारखानेही स्वारांच्या छातीवर आपली नावे लिहू लागले. औषधांचा प्रश्न तेवढा मागे राहिला आणि चिघळला. १३ जुलै १९६७ रोजी टॉम सिम्प्सन हा इंग्रज स्वार माँ व्हाँतू पर्वतावर उन्हात कोसळून मेला. त्याच्या शरीरात उत्तेजक औषध सापडले. अमेरिकन लान्स आर्मस्ट्राँग ह्याने १९९९ पासून मिळविलेले सात विजय २०१२ साली काढून घेण्यात आले. आर्मस्ट्राँगचा दोष त्याचा आहेच. तथापि एकच माणूस पोचेल इतकी शर्यत कठीण करावयाची आणि तो कशाच्या बळावर पोचला हे विचारावयाचे नाही, ह्या व्यवहाराची मुळे कुताँसच्या त्या टेबलावर पडलेल्या गोळ्यांत दिसतात.

आता आपल्याकडे वळू. सायकलीचे वेड महाराष्ट्रास उशिरा लागले असे कोणी म्हणू शकणार नाही. १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलींवरून जगप्रदक्षिणेस निघाले आणि त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भूमगरा हे तिघे १९२८ च्या मार्चात ती पुरी करून परतले. पुणे शहर तर एके काळी सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जाई. आमच्या वऱ्हाडात लग्नाच्या बोलणीत घड्याळ आणि सायकल ह्यांचा उल्लेख झाल्यावाचून बैठक उठत नसे. दूधवाला, डाकवाला, गिरणीतला कामगार आणि खेड्यावरचा मास्तर ही सायकलीची खरी प्रजा. गारँ, क्रिस्तॉफ हेही असल्याच घरांतून आलेले होते.

आपली नाव घेण्यासारखी शर्यत म्हणजे मुंबई-पुणे. खोपोलीपर्यंतची सपाटी संपली की बोरघाट लागतो. १८३० साली गाड्यांच्या वाहतुकीस खुला झालेला हा घाट चढून जो प्रथम खंडाळ्यास पोचेल तो 'घाटाचा राजा', आणि कित्येकांस पुण्यातील विजेत्याच्या नावापेक्षा ह्या राजाचेच नाव अधिक लक्षात राहते. परंतु ही शर्यत एका दिवसाची. सकाळी निघावे आणि पुण्यास जेवावे. तिला मुक्काम नाही, म्हणून तिला उद्या नाही, आणि उद्या नाही म्हणून स्वारास बारमाही पगार देणारे पथकही नाही. भारतात सायकलीवर नाव काढणाऱ्यांत रेल्वे व सेनादले ह्यांच्या नोकरांचा भरणा मोठा राहिला, त्याचे कारण हेच. आपल्या स्वारास शर्यतीने पोसले नाही; शर्यत जिंकून मिळालेल्या सरकारी नोकरीने पोसले. ह्यात कमीपणा काहीच नाही. गणवेशाच्या पगाराने घर चालते, आणि देग्रांजचा पाच फ्रँकांचा रोज काही निवृत्तिवेतन देत नव्हता. फरक एवढाच, की नोकरी लागली म्हणजे पुष्कळांची सायकल भिंतीला टेकते.

मुक्कामाचे महत्त्व कळण्यास अलीकडची दोन उदाहरणे उपयोगी आहेत. अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे तीन हजार मैलांची एक शर्यत आहे. तीत टप्पे नाहीत. घड्याळ एकदा सुरू झाले की शेवटपर्यंत थांबत नाही, झोपलेला वेळही स्वाराच्या नावे मांडला जातो. २०१५ साली नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र व महेंद्र महाजन ह्यांनी दोघांच्या पथकाने ती पुरी केली. २०१७ मध्ये नाशिकचे श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ ह्यांनी ती एकेकट्याने पार पाडली. ह्याच डॉ. समर्थ ह्यांनी पुढील वर्षी, २०१८ साली, रशियातील मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही सुमारे ९,१०० किलोमीटरांची शर्यत पुरी केली. ती मात्र टप्प्यांची होती, आणि टप्पे पंधरा. त्यांतला लांबात लांब टप्पा तेराशे किलोमीटरांहून अधिक! टप्पा संपला की घड्याळ थांबे आणि माणूस निजे. देग्रांजच्या पहिल्या शर्यतीचे रूप आज पाहावयाचे असेल तर ते फ्रान्सच्या गुळगुळीत रस्त्यांवर दिसणार नाही, रात्री न मोजणाऱ्या अशा शर्यतींत दिसेल. आणि त्या यादीत विदर्भाचा एक मनुष्य आहे.

पुण्याच्या शर्यतीसाठी शासनाने जिल्ह्यातील सडकांची मोठ्या प्रमाणावर डागडुजी केली. येथे वृत्तपत्राची जागा शासनाने आणि कारखानदारांनी घेतली, हा फरक इतिहासाच्या विद्यार्थ्याने टिपून ठेवण्यासारखा आहे. फ्रान्समध्येही आज शर्यतीचा मुक्काम आपल्या गावी व्हावा म्हणून नगरपालिका पैसे मोजतात, कारण त्या दिवशी गावाचे नाव जगभर जाते. रस्ता ज्याच्या ताब्यात, शर्यत त्याची, असा हा नवा न्याय.

प्रस्तुत लेखकाचे डोणगाव हे नागपूरहून मुंबईस जाणाऱ्या जुन्या सडकेवर, मेहकर तालुक्यात आहे. २०२५ च्या जूनपासून ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग पुरा खुला झाला आणि तो ह्याच तालुक्यातून जातो. त्यावर दुचाकीस मज्जाव आहे, मग सायकलीचे नावच नको. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग झाला तेव्हाही असेच घडले. मोटारी नव्या रस्त्याने गेल्या, आणि सायकलींची शर्यत खोपोलीच्या जुन्या वाटेवर राहिली. तेव्हा नागपूर ते मुंबई अशी मुक्कामी शर्यत कोणी कधी आखलीच, तर तिला कारंजा, मालेगाव, डोणगाव, मेहकर, सिंदखेडराजा, जालना ह्याच वाटेने यावे लागेल. कागदावर ती सोपी दिसेल, कारण वऱ्हाडात तूरमाले नाही. परंतु उघड्या काळ्या रानातून तिरका वारा सुटला म्हणजे घोळक्याच्या चिंध्या होतात, आणि ज्याच्यासाठी वारा खाणारा कोणी नाही तो मेहकर येण्यापूर्वीच मागे पडतो. अशा शर्यतीस जानेवारी महिना बरा. मार्चनंतर ह्या सडकेवर दुपारी सायकल हाकणाऱ्यास पाणी कोण देईल, हे नियमांच्या पुस्तकात आधी लिहून ठेवावे लागेल.